झाडाच्या पोटातलं बिऱ्हाड आणि सहा ग्रॅमची पुडी

आमच्या आबांची डाळिंबाची एक वही आहे. बहार (फळ घ्यायचा हंगाम) कधी धरला, ताण (फुलासाठी पाणी बंद ठेवणं) कधी तोडला, पानगळ कशानं केली, कुठल्या तारखेला काय मारलं, सगळं त्यात. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा सहज चाळायला घेतली आणि एका मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहाराच्या, पानांवर अडकलो, कारण "स्ट्रेप्टो + कॉपर" हे इतक्या वेळा आलं होतं की पुढं पुढं आबांनी लिहायचा कंटाळा करून नुसतं "वरीलप्रमाणे" लिहिलंय. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. आणि मग सप्टेंबरातल्या एका तारखेपुढं फक्त दोन शब्द, "तेल्या चालू."

ज्यांचा डाळिंबाशी संबंध ज्यूस सेंटरपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेल्या म्हणजे तेलकट डाग, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग. आधी पानावर पाणीदार ठिपका, मग फांदीवर, मग फळावर, आणि शेवटी फळ इंग्रजी वाय नाहीतर एलसारखं तडकतं, ते फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. भारतात याची पहिली नोंद १९५२ ची, तीही दिल्लीची, पण महाराष्ट्राला त्यानं खरा हिसका दाखवला तो २००० नंतर, म्हणजे भगवा ही जात सगळीकडं लागली, बागेला बाग चिकटली आणि जो तो पावसाळ्यातच फळ धरायला लागला तेव्हा. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं तेही २००५ चं. आणि या रोगावर गावोगाव रामबाण म्हणून जी चालते ती सहा ग्रॅमची पुडी, ज्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असतं. हो, तेच स्ट्रेप्टोमायसिन, टीबीच्या पेशंटला इंजेक्शनमधून द्यायचे ते.

माझं म्हणणं सरळ आहे. ही पुडी फळबागेतून गेली पाहिजे, आणि जीआरच्या कागदावरून नाही, दुकानाच्या फळीवरून. पण ती गेल्यावर रिकाम्या जागी जे घुसायला टपलंय, म्हणजे "एंडोफाइट", "मायक्रोबियल कन्सोर्शिया" (जिवाणूंचं मिश्रण) असली नावं लावलेल्या हजार-पंधराशेच्या बाटल्या, त्यालाही असंच मोकळं सोडायचं नाही. दोन्हीकडं चूक एकच होतीय. झाडाच्या आत काय आहे हे न बघताच आपण बाहेरून ओततोय.

आत काय आहे? शाळेत आपण शिकलो की जिवाणू म्हणजे रोग, फार तर दही, आणि मार्कांपुरत्या हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी. पण कुठलंही धट्टंकट्टं झाड घ्या, त्याच्या मुळात, खोडात, पानात, फुलात, अगदी बीमध्येसुद्धा जिवाणू राहतात आणि झाडाला त्यांचा काही त्रास नसतो. झाडात असं आत राहणाऱ्यांना एंडोफाइट म्हणतात, शब्द जुना आहे, अँटोन दे बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६६ मध्ये वापरलेला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या लोकांनी २०१९ मध्ये सफरचंद कापून त्याचा एकेक भाग वेगळा तपासला, तर एका फळात साधारण दहा कोटी जिवाणू निघाले आणि त्यातले बरेचसे सालीवर नाहीत, बियांत आणि गरात. सेंद्रिय आणि साध्या सफरचंदात आकडा जवळपास सारखाच, पण सेंद्रियमध्ये जाती जास्त, वस्ती मिश्र. आपण ज्याला धुऊन पुसून स्वच्छ समजून खातो ते फळ म्हणजे एक भरलेलं गाव आहे.

हे आत येतात कुठून? बरेचसे जमिनीतून. मुळातून बाजूचं मूळ फुटतं तिथं साल जरा फाटते, त्या फटीतून. पानाच्या छिद्रांतून, फुलातून, छाटणीच्या जखमेतून, काही बीमधून वारशानं, आणि आपण गुटी बांधतो, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून रोप करतो, तेव्हा आईझाडाच्या फांदीबरोबर तिच्यातले सगळे भाडेकरू पोराकडं जातात, चांगले पण आणि तेल्या पण. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ज्वारी चार महिन्यांत मोकळी होते, तिचं बिऱ्हाड तिच्याबरोबर संपतं. डाळिंब, संत्रा, आंबा वर्षानुवर्षं एकाच जागी उभे, त्यांच्यातली वस्ती जुनी, जमलेली, आणि ती विस्कटली तर दुसऱ्या हंगामात नवीन पेरता येत नाही.

आता हे फुकटचे भाडेकरू करतात काय? ऊसवाल्यांना हे सांगायला लागत नाही. अ‍ॅसिटोबॅक्टर त्यांना माहितीय, बेणं बुडवतातच. उसाच्या आत राहून हवेतला नत्र धरणारा हा जिवाणू ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या बाईंच्या टीमनं १९८८ मध्ये जगापुढं आणला आणि आज आपल्याकडं बेणेप्रक्रियेच्या शिफारशीत तो नावानिशी आहे. फळझाडात मात्र नत्रापेक्षा दुसरी कामं मोठी. बॅसिलस कुळातले काही जण साबणासारखे पदार्थ सोडतात, त्यानं रोगाच्या बुरशीचं आणि जिवाणूंचं आवरण फाटतं. काही जण लोह असं पकडून ठेवतात की रोगाच्या वाट्याला ते येतच नाही. काहींच्या नुसत्या असण्यानं झाड सावध राहतं, म्हणजे वस्तीवर चोर यायच्या आधीपासून कुत्री जागी असावीत तसं, आणि मग रोग आला की झाडाची उलटी कारवाई लवकर चालू होते. एक काम तर डाळिंबवाल्याला पटकन कळेल असं आहे. आपण पानगळीला इथ्रेल मारतो, म्हणजे झाडाला इथिलीन देतो आणि झाड पानं टाकतं. झाडाला पाण्याचा, उन्हाचा, क्षाराचा त्रास झाला की ते स्वतःच इथिलीन बनवतं आणि खंगतं. आतले काही जिवाणू हे इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतं तोच खाऊन टाकतात. झाड कमी घाबरतं असं म्हणा.

तुम्ही म्हणाल लॅबमध्ये सगळंच होतं, बागेत दाखव. बागेतलंच सांगतो. ब्राझीलमध्ये १९८७ च्या सुमाराला संत्र्यावर एक रोग दिसला, झायलेला नावाचा जिवाणू, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसतो, पानं पिवळी ठिपक्याची, फळं लिंबाएवढी आणि दगडासारखी. हा जिवाणू इतका महागात पडला की २००० साली त्याचा सगळा जीनोम वाचून काढला, झाडांना रोग करणाऱ्या जिवाणूंमध्ये तो पहिलाच. पण तिथल्या संशोधकांना एक विचित्र गोष्ट खटकत होती, की एकाच बागेत, एकाच जातीची, रोगानं वेढलेली असूनही काही झाडं ठणठणीत कशी काय? त्यांनी दोन्हींच्या आत बघितलं, २००२ मध्ये छापलं, आणि बिनलक्षणाच्या झाडांत कर्टोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू जास्त वेळा सापडला. त्यानंच रोग थांबवला हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कदाचित झाड मुळातच बरं होतं म्हणून तो तिथं टिकला असेल, उलटसुलट असू शकतं. पण मला त्या प्रश्नाचंच कौतुक वाटतं. आपल्याकडं बागेत मेलेलं झाड बघायला गाडी येते. जगलेल्या झाडाचं पान कोणी खिशात घालून नेलंय का कधी?

फ्लोरिडाची गोष्ट याच्या उलट्या टोकाची आहे. तिथं संत्र्याचा ग्रीनिंग रोग २००५ मध्ये सापडला, हा पण जिवाणूच, सायला किडीतून पसरणारा, झाडाचं अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहणारा. २००३-०४ ला तिथं २४ कोटींच्या वर पेट्या संत्री निघत होती, २०२४-२५ ला दीड कोटीच्याही खाली. रोगट झाडांची मुळं तपासली तर आतली-भोवतीची सगळी जिवाणू वस्ती विस्कटलेली. आणि उपाय म्हणून काय केलं, तर २०२२ च्या शेवटी खोडात ड्रिलनं भोक पाडून ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचायला परवानगी दिली, म्हणजे फवारणी पण नाही, डायरेक्ट सलाईन. संत्र्यावर स्ट्रेप्टोमायसिन फवारायचीही परवानगी तिथल्या सरकारनं दिली होती, ती डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टानं उडवली. इतका पैसा, इतक्या विद्यापीठांची फौज असून माणूस शेवटी सलाईनवरच आला, मग आमच्या आबांना मी काय तोंडानं नावं ठेवू?

म्हणून जरा पुडीच्या बाजूनं पण बोलतो. ती काही अंधश्रद्धा नाही, सुरुवातीच्या डागावर फरक दिसतो, शेतकरी वेडा नाही पैसे घालायला. आणि पुडीनं झाडातले सगळे चांगले जिवाणू मरतात असं कोणी सांगत असेल तर तेही थापच. फवारलेलं स्ट्रेप्टो आत फार थोडं शिरतं. अमेरिकेतल्या एका सफरचंदाच्या बागेतल्या जमिनीत तर त्या फवारणीनं जिवाणूंच्या वस्तीत काही फरक दिसला नाही असा २०१३ चा अभ्यास आहे. मला हा अभ्यास लपवायचा नाही. फक्त एवढंच, की तिथं फवारणी फुलोऱ्यात मोजकी होते, आमच्याकडं मृगात आठ-दहा दिवसाला "वरीलप्रमाणे". आणि त्यांनी जमीन बघितली, आपला प्रश्न पानाचा आणि फुलाचा आहे. आतल्या वस्तीतले बरेच जण ज्या दारातून येतात, म्हणजे पानाची छिद्रं, फुलं, छाटणीच्या जखमा, बरोबर त्याच दारांवर आपण औषधाचा पहारा बसवतो.

आणि तेल्याचा जिवाणू त्याच दारातून आत जाऊन पेशींच्या मधल्या जागेत बसतो, तिथं औषध नीट पोचत नाही. म्हणजे बाहेर फिरणारे आपले मरतात, आत दडलेला शत्रू वाचतो, वर औषधाची थोडी थोडी चव घेऊन पचवायला शिकतो. शिकतो हे मी मनानं सांगत नाही. कॅलिफोर्नियात नाशपातीच्या फायर ब्लाइट रोगाचे जिवाणू १९७१ मध्येच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. ज्या औषधानं १९४० च्या दशकात टीबीचा पेशंट पहिल्यांदा उठून बसला, जे औषध मुळात मातीतल्याच एका जिवाणूनं बनवलेलं, ते आपण ब्लोअरनं एकरच्या एकर उडवतोय, मास्क न लावता, आणि मग रुग्णालयात औषधं लागू होत नाहीत म्हणून डॉक्टरवर चिडतोय.

सरकारला हे कळत नाही असं नाही. केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा काढला, त्यात १ फेब्रुवारी २०२२ पासून शेतीसाठी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची आयात-उत्पादन बंद आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद, असं होतं. ती तारीख उलटून गेल्यावरच्या दिवाळीत आबांच्या कपाटात चार पुड्या होत्या, नुकत्याच आणलेल्या. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाले, "कुठून म्हणजे? दुकानातून. भाजी काय मेडिकलात मिळती व्हय?"

बंदीला विरोध करणारे म्हणतात पर्याय द्या मग बंद करा. हा मुद्दा खरा आहे, पण याच मुद्द्याच्या आडून वर्षानुवर्षं काहीच होत नाही. अमेरिकेत सेंद्रिय सफरचंद-नाशपातीला अँटिबायोटिकची सवलत होती, ती ऑक्टोबर २०१४ ला संपली. तेव्हा पण बागा जातील असा ओरडा झाला. लोक काय वळले तर फुलावर निरुपद्रवी जिवाणू आणि यीस्ट आधीच बसवायचे, म्हणजे रोग यायच्या आधी जागा भरलेली. एसटीत रुमाल टाकून सीट धरतो तसंच. त्याला जोडीला छाटणी, वेळेवर कॉपर-गंधक. सोपं झालं नाही, पण तारीख पक्की होती म्हणून लोक कामाला लागले. आपल्याकडं पण २०१० मध्ये युरोपनं द्राक्षं क्लोरमेक्वाटच्या अंशावरून अडवली तेव्हा लिहोसिनबद्दल (क्लोरमेक्वाटचंच बाजारातलं नाव) नाशिकच्या सगळ्या बागाईतदारांना एका सीझनमध्ये अक्कल आली. कंटेनर परत आला की आपण लगेच शिकतो. स्वतःच्या पोराच्या औषधासाठी मात्र शिकायला वेळ लागतो.

आता बाटल्यांकडं येतो, कारण इथं माझं जिवाणूप्रेमी मित्रांशी भांडण आहे. आतल्या जिवाणूंची गोष्ट खरी आहे, पण खरी गोष्ट विकायला सगळ्यात सोपी असते. २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितलं की देशात बायोस्टिम्युलंट नावाखाली ३०,००० च्या आसपास उत्पादनं कोणी न तपासता विकली जात होती, आणि नियम कडक केल्यावर ती ६५० च्या आसपास आली. म्हणजे बाकीची काय होती? पाणी, गूळ, रंग आणि वास. त्यातलीच एक आम्हीही घेतली होती, दुकान-कंपनीचं नाव घेत नाही, "झाडाच्या आत जाऊन काम करणारे जिवाणू" असं मराठीत मोठ्या अक्षरात आणि घटक मुंगीच्या अक्षरात. बाटली दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिलच्या उन्हात काचेला टेकून उभी होती. आबांनी ड्रीपमधून सोडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ड्रीपमधून बुरशीनाशकाची आळवणी केली, कारण शेड्युल देणारा सल्लागार वेगळा आणि बाटली देणारा वेगळा. त्यातले जिवंत आले असतील तरी चोवीस तासांत त्यांचा दहावा झाला.

द्रवरूप जैविक खताला खत नियंत्रण आदेशात मिलीलिटरमागं किमान दहा कोटी जिवंत पेशी असा निकष आहे. गंमत बघा, एका सफरचंदात फुकट येतात तेवढ्याच. पण आकडा भरला म्हणजे काम झालं असंही नाही. मातीत टाकलेल्या दहा कोटींतले किती मुळात शिरतील, शिरलेल्यातले किती आधीच्या वस्तीत टिकतील, सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत टिकतील का दापोलीच्या जांभ्यात, हे बाटलीवर कुठंच नसतं. बाहेरच्या जातीचा जिवाणू आणून सगळ्या महाराष्ट्राला एकच बाटली विकणं म्हणजे सगळ्या गावाला एकाच नंबरचा चष्मा वाटणं. जीवामृतवाल्यांना (शेण, गोमूत्र, गूळ पिंपात आंबवून बागेला देणाऱ्यांना) हे वाचून बरं वाटत असेल, तर त्यांनाही एक सांगतो, बांधावरची मूठभर माती घालायची कल्पना मला आवडते, त्यात निदान गावचे जिवाणू आहेत, पण पिंपात वाढतं ते सगळं झाडात शिरतं आणि तेल्या थांबवतं असं समजू नका. पिंपात सडायला सोकावलेले आणि झाडात राहायला सरावलेले, या दोघांची बिरादरी वेगळी.

मग पैसा कुठं घालावा? माझं मत, रोपांवर. मघाशी गुटीचं म्हणलो ते यासाठी. तेल्या असलेल्या बागेतली गुटी कोणीतरी स्वस्तात देतं, आपण पिकअप भरून आणतो आणि रोग भाड्यानं घरी येतो. नर्सरीला परवाना देताना आईझाडाची जिवाणू तपासणी सक्तीची करायला काय रॉकेट सोडायचंय? पीसीआर मशीन काही आता चांद्रयानातली गोष्ट राहिली नाही, कोविडनंतर तर तालुक्याच्या माणसाला पण पीसीआर माहितीय. टिश्यू कल्चरची रोपं घेतली तर रोपाबरोबर तेल्या येत नाही हे बरंय, पण ती बाटलीत निर्जंतुक वाढलेली, आतली वस्ती बरीचशी उठलेली, बाहेर आली की नवख्या जागी एकटी. जळगावच्या केळीवाल्यांनी जी-नाईनची रोपं लाखांनी लावली त्यांना हे नाजूकपण माहितीय, पहिले काही आठवडे पोरासारखं जपावं लागतं. तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठात केळीच्याच मुळातले जिवाणू काढून ते टिश्यू कल्चरच्या रोपांना हार्डनिंगच्या, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावण्याच्या, वेळी लावून बघितले गेलेत, बंची टॉप या विषाणू रोगाविरुद्धसुद्धा. मला हाच रस्ता शहाणपणाचा वाटतो. पंधरा वर्षांच्या झाडाला ड्रीपमधून ओतण्यापेक्षा बोटभर रोपाला, त्याच भागातल्या, त्याच पिकातल्या जगलेल्या झाडातून काढलेले जिवाणू, जागा रिकामी असताना द्या. हे काम राहुरी, सोलापूर, नागपूर, दापोलीच्या संस्थांनी करायचं, रोप विकतानाच त्यात घालायचं, वेगळ्या बाटलीचा धंदाच नको. कंपन्यांना यात रस नसणार हे उघड आहे, रोपाबरोबर एकदा दिलं की दर महिन्याला विकता येत नाही ना.

आणि ज्यानं लावलेलीच बाग आहे त्यानं? त्याला मी जिवाणू शोधायला सांगणार नाही. त्याला तेच जुनं, कंटाळवाणं. पावसात बहार धरू नका, झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या, रोगट फांदी डागाच्या दोन इंच खाली, निरोगी भागात कापा, कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवा, गळलेलं फळ-पान बागेबाहेर काढून जाळा, शेणखत कुजलेलं घाला. यात बाटली नाही म्हणून यावर कोणी मेळावा घेत नाही, जेवण देत नाही.

मृग सोडून हस्त (पाऊस सरता सरता धरायचा बहार) धरा हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड, हे मान्य. परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला की ताणच बसत नाही, ताण बसला नाही की कळी निघत नाही, आणि उन्हाळ्यात फळ पोसायला पाणी कुणाच्या विहिरीतून आणायचं? त्यातून शॉट होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीनं ज्यांच्या बागा मुळासकट उपटायला लावल्या ते तर आता पेरू नाहीतर ड्रॅगन फ्रूटकडं वळले, त्यांना कुठला बहार सांगता. पण आबांनी मागच्या वर्षी तीनशे झाडांचा एक प्लॉट हस्ताला धरला. फळ कमी लागलं. डागाचं फळ हातावर मोजण्याएवढं निघालं. भाव बरा मिळाला, एकूण हिशोब मृगापेक्षा थोडा कमीच, पण औषधाचं बिल वजा केलं की जवळजवळ बरोबरी. उरलेल्या प्लॉटमध्ये अजून मृगच आहे आणि कपाटात त्या चार पुड्या पण. मी त्या टाकून देऊ का विचारलं तर म्हणाले, असू दे, जूनमध्ये बघू. वहीत हस्ताच्या पानावर सहा नोंदी आहेत, आणि त्यात एकदाही "वरीलप्रमाणे" नाही.